तान्हेपणी बाप्तिस्मा झाला असेल तर पुन्हा पाण्यात उतरावं का?

प्रश्न असा आहे. तुम्ही तीन महिन्यांच्या असताना सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) देवळात डोक्यावर पाणी घालून तुमचा बाप्तिस्मा झाला. पुढे दृढीकरण झालं, म्हणजे मोठेपणी मंडळीसमोर स्वतःच्या तोंडाने विश्वासाची कबुली दिलीत; प्रभुभोजनही (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) घेत आलात. लग्नानंतर पुण्यात ज्या फेलोशिपमध्ये जाता तिथले पाळक म्हणतात, "तो बाप्तिस्माच नव्हे, बुडवून घ्या, मगच प्रभुभोजन." माहेरचे म्हणतात, दुसऱ्यांदा घेणं म्हणजे पहिल्याचा अपमान. तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत: बाप्तिस्म्याचा अर्थ काय, दुसऱ्यांदा घ्यावा का, आणि घ्यायचाच ठरला तर तयारी काय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने, खऱ्या पाण्याने, मंडळीच्या हातून झालेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच आहे, आणि तो परत करायची गरज नाही. पण तुमचे पाळक उगाच आडमुठेपणा करताहेत असंही समजू नका. त्यांच्या म्हणण्याला शास्त्राचा आधार आहे आणि पाचशे वर्षांची परंपरा आहे. पाणी नेमकं कुठे मुरतं ते नीट पाहिल्याशिवाय दोन्ही घरांपैकी कुणालाच उत्तर देता येणार नाही.

शब्दापासून सुरुवात करू. 'बाप्तिस्मा' हा शब्द मराठीने ग्रीकमधून जवळपास तसाच उचलला. मूळ क्रियापद 'बाप्तिझो', अर्थ बुडवणे. २ राजे ५:१४ मध्ये कुष्ठरोगी नामान यार्देनेत सात वेळा बुडी मारतो, तिथे जुन्या ग्रीक भाषांतरात हेच क्रियापद आहे. योहानाचं शुभवर्तमान (३:२३) सांगतं की येशूआधी आलेला संदेष्टा योहान एनोन इथे बाप्तिस्मा करी, कारण तिथे पाणी भरपूर होतं. नुसतं कपाळ ओलं करायचं असतं तर एक तांब्या पुरला असता. पण मार्क ७:४ मध्ये प्याले, घागरी आणि पितळेची भांडी धुण्यालाही याच शब्दाचं नाम वापरलंय. म्हणजे शब्दाचा कल बुडवण्याकडे आहे हे मान्य. मात्र त्यातून सेंटिमीटरचा नियम निघत नाही. या एका क्रियापदावरून केवढं भांडण झालं पाहा. बंगाली बायबलमध्ये बॅप्टिस्ट (फक्त विश्वास ठेवणाऱ्यांना आणि बुडवूनच बाप्तिस्मा देणाऱ्या पंथाच्या) मिशनऱ्यांनी त्याचं थेट 'बुडवणे' असं भाषांतर केलं, तेव्हा ब्रिटिश बायबल सोसायटीने मदत नाकारली, आणि बॅप्टिस्टांनी १८४० मध्ये स्वतःची वेगळी भाषांतर संस्था काढली. मराठीत 'बाप्तिस्मा' हा परका शब्द तसाच राहिला, म्हणून दोन्ही बाजू एकच बायबल हातात धरून वाद घालू शकतात.

आता खरा मुद्दा. मराठीत आपण 'बाप्तिस्मा घेतला' म्हणतो, शपथ घेतली किंवा दीक्षा घेतली म्हणतो तसं. त्यामुळे सगळा भर घेणाऱ्यावर जातो: मी ठरवलं, मी उतरलो, मी घेतला. नव्या करारात मात्र बहुतेक ठिकाणी क्रियापद कर्मणी आहे. बाप्तिस्मा माणसावर केला जातो. यहुदी लोकांचं शुद्धीचं स्नान स्वतःच करायचं असे. कुंडात उतरायचं आणि आपली आपण बुडी मारायची. योहान दुसऱ्याला बुडवत होता, आणि त्याचं हे वेगळेपण इतकं डोळ्यांत भरलं की 'बाप्तिस्मा करणारा' हे त्याचं नावच पडलं. आपल्याकडे गोदावरीत डुबकी ज्याची त्याने मारायची, आणि दर पर्वणीला मारता येते. बाप्तिस्मा दुसऱ्याच्या हातून होतो आणि एकदाच होतो. स्वतःच्या डोक्यावर स्वतः पाणी ओतून चालत नाही. १६०९ च्या सुमारास ॲम्स्टरडॅममध्ये जॉन स्मिथ या इंग्रज पाळकाने तसं केलं होतं, आणि पुढे ती चूक झाली असं त्याचं त्यालाच वाटू लागलं.

दुसरा शब्द 'नावाने'. मत्तय २८:१९ मध्ये 'पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने' असं आपण वाचतो. मूळ ग्रीकमध्ये 'नावात' किंवा 'नावाकडे' असा गतीचा अर्थ आहे, आणि त्या काळच्या व्यवहाराच्या कागदांत हीच शब्दरचना रक्कम कुणाच्या तरी खात्यावर जमा करण्यासाठी येते. मराठीत याला चपखल शब्द आहे: नावावर होणं. जमीन कुणाच्या नावावर झाली की सातबाऱ्यावर नाव चढतं, मग ती कसायला काढली असो वा पडीक असो. बाप्तिस्म्यात माणूस देवाच्या नावावर होतो. तिघांचा उल्लेख असूनही 'नाव' एकवचनी आहे, हेही लक्षात घ्या.

रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल याच्याही पुढे जातो. बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो, यासाठी की त्याच्याबरोबर नव्या जीवनात चालावं. म्हणजे हे पाणी अंघोळीचं कमी आणि कबरेचं जास्त. खाली जाणं म्हणजे मरण, वर येणं म्हणजे पुनरुत्थान. बुडवण्याच्या बाजूने सगळ्यात जोरदार युक्तिवाद हाच आहे, कारण ओंजळभर पाण्यात पुरलं जाण्याचं चित्र दिसत नाही. मात्र नव्या करारात हे एकच चित्र नाही. गलतीकरांस ३:२७ मध्ये ख्रिस्त 'परिधान करणं' आहे, तीताला ३:५ मध्ये नव्या जन्माचं स्नान आहे, आणि पेन्टेकॉस्टच्या दिवशी आत्मा 'ओतला' गेला असं पेत्र सांगतो. ओतणाऱ्या परंपरा या शेवटच्या चित्रावर बोट ठेवतात. सगळी चित्रं एकाच रीतीत बसणार नाहीत.

मग पाण्याने तारण होतं का? पेत्र स्वतःच (१ पेत्र ३:२१) बाप्तिस्मा तारतो म्हणतो आणि लगेच जोडतो की शरीराचा मळ जाण्याने नव्हे, तर शुद्ध विवेकाने देवाकडे केलेल्या विनवणीने, येशूच्या पुनरुत्थानाच्या द्वारे. येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराला बाप्तिस्मा मिळालाच नाही, तरी त्याला सुखलोकाचं वचन मिळालं. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि लूथरन मंडळ्या म्हणतात की या संस्कारातून देव खरोखर कृपा देतो. बॅप्टिस्ट आणि बहुतेक पेन्टेकॉस्टल म्हणतात, ही आतल्या विश्वासाची बाहेरची साक्ष. मधली जागा प्रेस्बिटेरियन आणि काँग्रेगेशनल लोकांची: कराराची खूण आणि शिक्का. मुक्ती फौजेत तर पाण्याचा बाप्तिस्मा देतच नाहीत, आणि अहिल्यानगर जिल्ह्यात त्यांच्या कितीतरी पिढ्या ख्रिस्ती म्हणून वाढल्या आहेत. म्हणून कुणी 'पाण्याशिवाय नरक' असं धमकावून तारीख ठरवत असेल तर तिथेच थांबा. भीतीपोटी पाण्यात उतरणाऱ्याला विश्वासाची कबुली मोकळ्या मनाने देता येत नाही.

तान्ह्या मुलांचं काय? नव्या करारात 'बाळाला बाप्तिस्मा दिला' असं एकही वाक्य नाही. 'बाळांना देऊ नका' असंही नाही. घरदारासकट झालेले बाप्तिस्मे आहेत (लुदिया, फिलिप्पैचा बंदिशाळेचा अधिकारी, स्तेफनाचं घर), पण त्या घरांत तान्ही मुलं होती की नाही ते लिहिलेलं नाही. कलस्सैकरांस २:११-१२ मध्ये पौल सुंता आणि बाप्तिस्मा शेजारी ठेवतो. आठव्या दिवसाच्या बाळाला करारात घेतलं जायचं, तर आताही का नको, हा शिशुबाप्तिस्म्याचा मुख्य आधार. इ. स. २०० च्या आसपास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन लहान मुलांच्या बाप्तिस्म्याची घाई करू नका असं बजावतो. यातून दोन गोष्टी कळतात: तेव्हा मुलांना बाप्तिस्मा देत होते, आणि तेव्हाही त्यावर आक्षेप होता. दुसरं टोक रोमन बादशहा कॉन्स्टन्टाइनचं. बाप्तिस्म्यानंतर पाप घडलं तर काय, या धास्तीने लोक तेव्हा तो पुढे ढकलत. त्याचा बाप्तिस्मा ३३७ साली थेट मृत्युशय्येवर झाला.

पाणी किती, या प्रश्नाला सर्वांत जुनं आणि माझ्या मते सर्वांत शहाणं उत्तर 'दिदाखे' या सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीच्या छोट्या पुस्तिकेत आहे. ती साधारण पहिल्या शतकाच्या अखेरची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची मानतात. सातव्या अध्यायातला क्रम असा: वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्या, वाहतं नसेल तर दुसऱ्या पाण्यात, थंड नाही जमलं तर गरम, आणि दोन्ही नसतील तर डोक्यावर तीन वेळा ओता, पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने. देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आधी उपास करावा. घेणाऱ्याने एक-दोन दिवस. पाण्याबाबत पायरी-पायरीने सूट आहे, नावाबाबत मात्र अजिबात नाही.

शब्दांची चूक किती महागात पडते याचं ताजं उदाहरण कॅथलिक मंडळीचं आहे. 'मी तुला बाप्तिस्मा देतो' ऐवजी काही ठिकाणी 'आम्ही तुला बाप्तिस्मा देतो' असं म्हणायची हौस सुरू झाली. वाटलं, त्यात कुटुंबाचा सहभाग दिसेल. ऑगस्ट २०२० मध्ये व्हॅटिकनने जाहीर केलं की असा बाप्तिस्मा झालाच नाही. अमेरिकेत एका फादरने स्वतःच्या बाळपणीचा व्हिडिओ पाहिला, त्यात 'आम्ही' ऐकलं, आणि त्यांचा बाप्तिस्मा, दृढीकरण, गुरुदीक्षा सगळं नव्याने करावं लागलं. तुमच्या घरी कुणाकडे जुनी कॅसेट सापडायची नाही, पण तुमचा विधी प्रार्थनापुस्तकातून झाला असणार, आणि तिथे शब्द ठरलेले असतात.

आता दुसऱ्यांदा घेण्याविषयी. जे पुन्हा बाप्तिस्मा देतात ते प्रेषितांची कृत्ये १९ दाखवतात: इफिसमध्ये पौलाला सुमारे बारा शिष्य भेटतात, त्यांचा योहानाचा बाप्तिस्मा झालेला असतो, आणि ते प्रभू येशूच्या नावाने पुन्हा बाप्तिस्मा घेतात. दाखला खरा आहे, पण त्या लोकांचा पहिला बाप्तिस्मा येशूच्या नावाचा नव्हताच, आणि पवित्र आत्मा आहे हेही त्यांच्या कानावर नव्हतं. तुमची गोष्ट तशी नाही. इ. स. ३१४ मध्ये आर्ल (आजच्या फ्रान्समध्ये) इथल्या मंडळीच्या परिषदेत ठरलं की फुटीर गटातून आलेल्या माणसाचा बाप्तिस्मा त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झाला असेल तर तो पुन्हा करायचा नाही, फक्त हात ठेवून स्वीकारायचा. पुढे ऑगस्टीन या बिशपने त्याचं कारण मांडलं: बाप्तिस्मा देणारा कसा का असेना, तो ख्रिस्ताचा आहे.

पण तुमचे पाळक त्याला दुसरा बाप्तिस्मा म्हणतच नाहीत, आणि इथेच घोडं पेंड खातं. त्यांच्या दृष्टीने पहिला झालाच नाही, कारण विश्वास ठेवणारा माणूसच तिथे नव्हता. २१ जानेवारी १५२५ रोजी झुरिकमध्ये काही जणांनी घरात जमून एकमेकांना प्रौढपणी बाप्तिस्मा दिला, तो याच समजुतीने. विरोधकांनी त्यांना 'पुनर्बाप्तिस्मावाले' असं हिणवलं. त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला ५ जानेवारी १५२७ रोजी तिथल्याच लिम्मात नदीत बुडवून मारलं. आपल्या मराठी मंडळीच्या मुळाशीही हा वाद आहे. १८१२ मध्ये अमेरिकेतून मिशनऱ्यांची पहिली तुकडी भारताकडे निघाली. त्यातला ॲडोनिराम जडसन प्रवासात ग्रीक नवा करार अभ्यासत बसला, शिशुबाप्तिस्मा चूक आहे या निष्कर्षाला आला, आणि ६ सप्टेंबर १८१२ ला कोलकात्यात त्याने बुडवून बाप्तिस्मा घेतला. त्याच तुकडीतले हॉल आणि नॉट आपल्या मतावर राहिले, १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. जडसन ब्रह्मदेशात गेला. मुंबई-अहमदनगरकडच्या कितीतरी घरांत बाळांचा बाप्तिस्मा होतो, त्याचं कारण शोधत गेलं तर या फाट्यापाशी येऊन पोचतं.

ज्या मंडळीत तुमचा बाप्तिस्मा झाला तिने मात्र हे भांडण कागदावर तरी सोडवलंय. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सीएनआय स्थापन झाली, तेव्हा सहा मंडळ्या एकत्र आल्या. त्यांत अँग्लिकन होते आणि बॅप्टिस्टही. तडजोड अशी निघाली: शिशुबाप्तिस्मा आणि विश्वासी माणसाचा बाप्तिस्मा हे दोन्ही पर्याय मान्य, पालकांनी एक निवडावा. बाळाला पाणी लावलं तर मोठेपणी त्याने स्वतःच्या तोंडाने कबुली द्यायची. नाही लावलं तर बाळाला आशीर्वाद द्यायचा आणि बाप्तिस्मा मोठेपणी. दोन्ही वाटांत पाणी आणि स्वतःची कबुली असे दोन भाग आहेत, फक्त क्रम उलटा. तुमच्या बाबतीत दृढीकरणाच्या दिवशी दुसरा भाग पुरा झाला. पाळकांशी बोलताना हा मुद्दा आधी मांडा. पुष्कळांना दृढीकरण म्हणजे नुसता फोटो काढण्याचा कार्यक्रम वाटतो, आणि खरं सांगायचं तर आपणच तो तसा करून ठेवलाय.

इतकं सगळं ऐकूनही तुमचं मन बुडवून घेण्याकडेच झुकलं, तर घाई करू नका. प्रामाणिक फेलोशिप सहा ते आठ आठवडे शिकवण देते: पश्चात्ताप, त्रैक्य, ख्रिस्ताचं मरण व पुनरुत्थान, प्रभुभोजन, मंडळीची जबाबदारी. शेवटी वैयक्तिक मुलाखत असते. रविवारी हात वर केला आणि पुढच्या रविवारी पाण्यात, हे प्रेषितांच्या काळी चाललं, कारण ऐकणारे बरेचसे यहुदी होते आणि त्यांना आधीचं शास्त्र ठाऊक होतं. कोणत्या शब्दांनी बाप्तिस्मा देणार तेही आधीच विचारा. काही पेन्टेकॉस्टल गट प्रेषितांची कृत्ये २:३८ चा आधार घेऊन फक्त 'येशूच्या नावाने' देतात आणि त्रैक्य मानत नाहीत. तो बाप्तिस्मा पुढे बहुतेक मंडळ्या धरत नाहीत, म्हणजे तिसऱ्यांदा प्रश्न उभा राहायचा.

नदीत होणार असेल तर पावसाळा सोडून. ऑक्टोबर ते फेब्रुवारी बरा काळ, तोही सकाळी दहा-अकरानंतर. पहाटेच्या गारठ्यात पंधरा अंशांखालच्या पाण्यात तोंड बुडालं की माणूस आपोआप हबकून श्वास आत ओढतो आणि पाणी नाकातोंडात जातं. धरणाच्या खाली असाल तर पाणी कधी सोडणार ते आदल्या दिवशी विचारून घ्यावं. वाळू उपसलेल्या पात्रात कमरेइतक्या पाण्यातून एक पाऊल पुढे टाकलं की पुरुषभर खड्डा लागतो, म्हणून आधी काठीने तळ चाचपून चार खुंट्या आणि दोरी लावायची, आणि पट्टीचे दोन पोहणारे दोरीबाहेर उभे करायचे. पाणी कमरेच्या थोडं वर, मोठ्या माणसाला ९० ते १०० सेंटिमीटर. यापेक्षा उथळ असेल तर पाठ तळाला टेकते, खोल असेल तर पाय सुटतात.

दिशा महत्त्वाची. घेणाऱ्याचं डोकं प्रवाहाच्या वरच्या अंगाला, पाय खालच्या अंगाला. मग पाणी कपाळाकडून हनुवटीकडे वाहतं, नाकपुड्यांत शिरत नाही, आणि वर उठताना प्रवाह पाठीला रेटा देतो. उलटं उभं केलं तर प्रत्येक जण खोकतच वर येतो. पाळक बाजूला, पाय पुढे-मागे फाकवून. घेणाऱ्याने एका हाताने स्वतःचं नाक धरायचं आणि दुसऱ्या हाताने तेच मनगट. पाळकाचा एक हात त्या मनगटांवर, दुसरा पाठीवर खांद्यांच्या मधोमध. मानेला धरू नये. नावं घेऊन वाक्य पूर्ण झाल्यावरच खाली न्यायचं. बुडवता बुडवता बोललं की कानात पाणी गेलेल्याला आपला बाप्तिस्मा कुणाच्या नावाने झाला हेच ऐकू येत नाही. सगळ्यात जास्त घोटाळा गुडघ्यांमुळे होतो. घाबरलेला माणूस गुडघे ताठ ठेवतो, मग तो फळीसारखा आडवा होतो आणि पाय वर तरंगतात. गुडघे वाकवून खुर्चीत मागे बसल्यासारखं करायला कोरड्या जमिनीवर दोनदा सराव करून घ्यावा. चेहरा पाण्याखाली एक-दोन सेकंद पुरे. केस किंवा कोपर वर राहिलं म्हणून परत बुडवायची गरज नाही.

मागे झोकून देण्याची भीती वाटत असेल तर गुडघे टेकून पुढे वाकण्याची रीतही आहे. ब्रेदरन मंडळीत, जिचं मिशन डहाणूकडे आणि दक्षिण गुजरातमध्ये होतं, एकेका नावाला एकदा असं तीन वेळा पुढे वाकवून बुडवतात. फिट्स येणाऱ्यांना, कानाच्या पडद्याला छिद्र असलेल्यांना, हृदयविकाराच्या आणि नुकतं ऑपरेशन झालेल्या माणसांना बुडवायचा हट्ट धरू नये. खुर्चीत बसवून डोक्यावर तीन तांबे ओतावेत, दिदाखेतली सूट अशांसाठीच आहे. पाळी आली म्हणून बाप्तिस्मा अडत नाही. बाईला संकोच वाटत असेल तर कारण न विचारता दुसरी तारीख द्यावी.

साडी नको. पाण्यात उतरताच नेसूचा घोळ हवा धरून फुगतो आणि वर येताना पायांत गुंडाळतो. गडद रंगाचा सुती पंजाबी ड्रेस, आत पूर्ण कपडे, ओढणी काढून ठेवलेली; वरून मंडळीचा पांढरा झगा असेल तर त्याच्या खालच्या दुमडीत चार-पाच नाणी शिवलेली असावीत म्हणजे तो तरंगत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स, श्रवणयंत्र, सैल अंगठ्या, काचेच्या बांगड्या काढायच्या. बायकांना टॉवेल देऊन आडोशाला नेणारी बाई आधीच नेमलेली असावी. मोबाइलवाल्यांची रांग ओल्या कपड्यातल्या मुलीसमोर उभी राहते, ती आधी हटवा.

हॉलमध्ये हौद असेल तर दोन धोके. आत पाणी तापवायचा रॉड किंवा हातात वायरचा माइक असता कामा नये. २००५ साली टेक्सासमधल्या वेको शहरात हौदात उभं राहून माइकला हात लावताच पाळकांचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. रॉडचं बटण बंद करून भागत नाही, तो उपटून बाहेर काढायचा, मगच पहिला पाय पाण्यात. दुसरा धोका वजनाचा. अडीच मीटर लांब, दीड मीटर रुंद हौदात ९० सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे ३,४०० लिटर, जवळपास साडेतीन टन. दर चौरस मीटरला ९०० किलो झाले, आणि राहत्या घराचा स्लॅब साधारण २०० किलोंच्या हिशेबाने बांधलेला असतो. पहिल्या मजल्यावरच्या भाड्याच्या हॉलमध्ये फुगवायचा हौद मांडणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा करावा. टँकरचं पाणी असेल तर आदल्या रात्री हजार लिटरला पाच ग्रॅम ब्लीचिंग पावडर, बादलीत कालवून वरची निवळी टाकायची.

कागदांचं थोडक्यात. तुमचा बाळपणीचा दाखला त्या चर्चच्या बाप्तिस्मा रजिस्टरातून नक्कल म्हणून मिळतो. जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, आईवडिलांची आणि धर्ममातापित्यांची नावं द्या. फेलोशिपने नवा दाखला दिला तरी जुना फाडू नका. चर्चमधल्या लग्नाला किंवा मुलांच्या बाप्तिस्म्याला तोच विचारतात. तुमच्याबरोबर कुणी दुसऱ्या धर्मातून येऊन बाप्तिस्मा घेत असेल तर त्याचा प्रश्न वेगळा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांनाच मिळतो. बाप्तिस्म्याची नोंद त्याविरुद्ध पुरावा म्हणून उभी राहू शकते. धर्मांतराचे कायदेही राज्याराज्यांत वेगळे आहेत, तेव्हा अशा माणसाने पाण्यात उतरण्याआधी वकिलाला भेटलेलं बरं.

राहता राहिला तुमच्या प्रभुभोजनाचा प्रश्न. पाळकांना एकट्याने नव्हे, नवऱ्याला सोबत घेऊन भेटा आणि दोन गोष्टी विचारा. एक: मंडळीसमोर उभं राहून साक्ष देते, बाप्तिस्म्याच्या वचनांची पुन्हा उजळणी करते, तुम्ही हात ठेवून प्रार्थना करा, एवढ्यावर मला सामावून घ्याल का? काही बॅप्टिस्ट मंडळ्या घेतात. दोन: नाही म्हणत असाल, तर माझी आई प्रभूची आहे असं तुम्ही मानता का? तिचाही बाप्तिस्मा माझ्यासारखाच झाला आहे. पहिल्याला 'नाही' आणि दुसऱ्याला 'हो' असं उत्तर आलं, तर त्यांची अडचण सभासदत्वाच्या नियमाची आहे. मग त्या नियमाखाली राहायचं की माहेरच्या चर्चची पुण्यातली शाखा शोधायची, हे तुम्ही दोघांनी ठरवायचं. दुसऱ्यालाही 'नाही' आलं, तर शाखा शोधायला लागा.